नवमीची सवाष्ण

माझ्या मुलीचं नाव दीपश्री. हे आधीच सांगून टाकते, कारण पोलिसांच्या कागदावर ती 'सदर महिला' आहे, जावयाच्या अर्जात 'प्रतिवादी' आहे आणि आमच्या धारवाडातल्या मालमड्डीच्या गल्लीत 'कुसुमावतीबाईंची, ती गेलेली' आहे. गेलेली म्हणजे पळून गेलेली. मेली असती तर बायकांनी घरी येऊन दोन टिपं तरी गाळली असती. पळून गेलेलीच्या आईकडे नुसतं बघायला येतात, चेहरा किती पडलाय ते.

पडलेला नाही. चौतीस वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळली मी. माझा आवाज अजून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातो. आमचे हे, प्रभंजनराव, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. त्यांच्या वाटचं बोलणंही जन्मभर मीच बोलत आले. आता तर लकवा झाल्यापासून त्यांना दोन शब्दांपुढे तिसरा जुळवता येत नाही. तेव्हा ही हकिगत माझ्याच तोंडून ऐका, आणि बाई फार चिडते म्हणून नाक मुरडू नका. चिडण्यासारखंच आहे.

दीपा आणि तिचा नवरा श्रीहर्ष वेगळे झाले तेव्हा त्यांची मुलगी श्रीनिधी सात वर्षांची होती. श्रीहर्ष हुबळीत वकिली करतो. का वेगळे झाले ते सांगत बसत नाही. दीपाच्या दंडावरचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, एवढं पुरे. मुलगी कुणी सांभाळायची यावर दावा सुरू झाला. निकाल लागेपर्यंत कोर्टानं ठरवून दिलं, की मुलगी आईकडे राहील, धारवाडला. एक आड एक शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बापाकडे, हुबळीतल्या उणकलला. पाचला आईनं जाऊन परत आणायचं.

दीपा कॉलेजात शिकवायची आणि तिला उशिराची भारी चीड. पाचला पाच मिनिटं असताना ती उणकलच्या त्या निळ्या फाटकाशी स्कूटर लावून उभी असायची. "आत बोलवत नाहीत, मग लवकर जाऊन उन्हात कशाला उभी राहतेस गं?" मी विचारायची. "पोरीला क्षणभरसुद्धा वाटायला नको, आई विसरली म्हणून," असं तिचं उत्तर.

निकालाला चार महिने राहिले होते. आमचे वकील म्हणाले होते, मुलगी आईलाच मिळणार, काळजी नको. आणि तो फेब्रुवारीतला शनिवार आला. दुपारी तीनला दीपा माझ्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. फोन वाजला, हात ओले म्हणून तिनं तो ओट्यावर ठेवून स्पीकरवर घेतला. श्रीनिधी होती. "आई, तू आज येऊ नको. अप्पानं सायकल आणलीय. मी इथंच राहते." दीपाचा चेहरा जरा उतरला, पण ती हसून म्हणाली, "बरं बाई. सायकल बघायला तरी येऊ की नको?" पलीकडून फोन बंदच झाला होता. चारला दीपा निघाली. ती अजून परत आलेली नाही. तीन वर्षं होत आली.

श्रीहर्ष म्हणाला, आलीच नाही. त्याची आई, माझ्या विहीण कृष्णाबाई, त्यांनीही पोलिसांना तेच सांगितलं. "आलीच नाही हो. आम्ही पोरीला तयार करून सातपर्यंत वाट बघितली."

आता पोलिसांचं ऐका. धारवाडच्या ठाण्यात म्हणाले, उणकलला जाताना हरवली ना, मग तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे गेले तर म्हणाले, राहती कुठली? धारवाडची? मग तिकडेच नोंदवा. तीन दिवस मी आणि हे चिगरी बसनं धारवाड-हुबळी, हुबळी-धारवाड करत होतो. चौथ्या दिवशी मी ठाण्याच्या दारात बसकण मारली आणि शाळेतला आवाज काढला, तेव्हा कुठं तक्रार लिहून घेतली. लिहून घेणारा विचारतो काय, "कुणाशी बोलत होती का फोनवर जास्त?" त्याच्या घरात आई-बहीण नव्हती बहुतेक.

अकराव्या दिवशी दीपाची स्कूटर हुबळी स्टेशनच्या गाडीतळावर सापडली. झालं! गाडी स्टेशनवर, म्हणजे बाई रेल्वेत. बाई रेल्वेत, म्हणजे कुणाबरोबर तरी. पोलिसांनी तपास तिथंच गुंडाळला म्हणा ना. कॅमेऱ्यात बघा, गाडी कुणी लावली ते बघा, म्हणून मी रोज सांगत होते. त्यांनी चाळिसाव्या दिवशी चित्रण मागितलं. ते महिनाभरच ठेवतात. गाडीतळावरच्या माणसाला तर कुणी विचारलंही नाही. मीच विचारलं. तो बिचारा म्हणाला, "अक्का, दिवसाला चारशे गाड्या येतात. मी कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवू?" त्याला अकराव्या दिवशी विचारलं असतं तर कदाचित आठवलं असतं. हे 'कदाचित' मला अजून झोपू देत नाही.

जूनमध्ये निकाल लागला. 'आई स्वखुशीने घर सोडून गेल्याचे दिसते,' असं त्यात आहे. दिसते! कुणाला दिसलं? श्रीहर्षनं प्रतिज्ञापत्रच केलं होतं, की प्रतिवादी परराज्यात सुखरूप राहत असल्याची मला खात्रीलायक माहिती आहे. मुलगी बापाकडे गेली. आजी म्हणून मला महिन्यातून एकदा, तिसऱ्या शनिवारी दोन तास दिले. तेही कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत, रजिस्टर घेऊन बसलेल्या बाईंसमोर. पुढे श्रीहर्षनं त्यावर आणखी एक अट घालून घेतली. मुलीसमोर आजीनं आईच्या प्रकरणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, काढलं तर भेटी बंद.

पहिले काही शनिवार श्रीनिधी आल्या आल्या विचारायची, "आज्जी, आईचा फोन आला का तुला?" मग विचारायची बंद झाली. मी तिच्या आवडीचे बेसनलाडू न्यायची, ते ती न खाता डब्यात परत ठेवायची. एका शनिवारी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मी येऊ नको म्हटलं ना तिला, म्हणून ती गेली. मला सायकल आवडली म्हणून रागावली."

नऊ वर्षांची पोर. आईच्या जाण्याचा सगळा दोष तिनं आपल्या एवढ्याशा डोक्यावर घेतला होता, आणि ज्यांना खरं माहीत होतं ती माणसं तिला रोज वेणी घालून शाळेत पाठवत होती. मी तोंड उघडलं तर त्या रजिस्टरवाल्या बाईंनी लिहिलं असतं. मी पदर तोंडात कोंबून बसले. पोरीला निदान एवढं कळावं, की तिची आई तिला टाकून गेली नाही. दुसरं काही मागणं मी देवाकडेसुद्धा ठेवलं नव्हतं.

आणि मग भारती आली.

भारती अळणावरकडची. नवऱ्याची बदली झाली म्हणून नुकतीच मालमड्डीत राहायला आलेली. घरोघरी सोवळ्यातला स्वयंपाक करून देते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती मला फराळाला मदत करायला आली होती. दोघी शेंगा सोलत बसलो होतो. तिला आमच्या घरची काही माहिती नव्हती.

"काकू, तुमच्या हुबळी-धारवाडच्या एकेक तऱ्हा बघा की," ती म्हणाली. "पितृपंधरवड्यात नवमीला उणकलला गेलते. स्वयंपाकही मीच केला आणि सवाष्ण म्हणून जेवायलाही मीच बसले. श्राद्धाच्या पानाला शेंगापोळी कोण करतं सांगा? त्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, करच. आणि अळू चिरायला घेतलं तर धावत आल्या. 'अळू नको गं, तिला चालत नव्हतं. घसा सुजायचा.'"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी सांगते. पितृपंधरवड्यातली नवमी ही अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना जी बाई मरते, तिच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात, साडी देतात. गेलेल्या बाईच्या आवडीचं पानात वाढतात. विधवा होऊन गेलेल्या बाईचं या दिवशी काही करत नाहीत.

"तिला म्हणजे कुणाला, भारती?"

"विचारलं नाही की हो. त्या रडायला लागल्या होत्या. स्वतः विधवा, घरात दुसरी बाई नाही, म्हणून मला कुंकू त्यांच्या नातीनं लावलं. गोड पोरगी आहे. इथं भुवईवर टाके घातल्याची खूण. निळ्या फाटकाचं घर, तळ्याच्या अंगाला."

ती खूण आमच्या मागच्या दाराच्या पायरीची आहे. चार वर्षांची असताना पडली होती.

अळूनं दीपाचा घसा सुजतो हे जगात तीनच माणसांना ठाऊक. मी, तिचे बाबा आणि कृष्णाबाई. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात त्यांनी तिला बळेच अळूचं फदफदं वाढलं होतं आणि मग रिक्षा करून डॉक्टरकडे पळाल्या होत्या. माझी मुलगी मेली हे मला असं कळलं. कुणी निरोप आणला नाही, कुणी दार वाजवलं नाही. शेंगा सोलताना कळलं. मी भारतीसमोर जमिनीवर हात आपटून आपटून रडले. बांगड्या फुटल्या. त्या बिचारीला कळेना आपलं काय चुकलं.

रडणं संपल्यावर मी एकेक गोष्ट जुळवत गेले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कृष्णाबाई स्वतः विधवा. त्यांच्या सासूबाई एकोणनव्वदाव्या वर्षी विधवा म्हणून गेल्या. मी तेराव्याला जेवून आलेय. त्या घरात नवमीला पान वाढावं अशी बाई एकच, आणि ती तर कोर्टाच्या कागदावर परराज्यात सुखरूप होती. कोर्टात जिवंत आणि स्वयंपाकघरात मेलेली! मेल्याचं वर्ष उलटल्याशिवाय नवमी करत नाहीत. बाईनं तेसुद्धा पाळलं होतं. दीपा गेली त्या साली काही केलं नाही, वर्ष सरल्यावर केलं. पोलिसांशी खोटं बोलायला ही बाई धजली, पितरांशी धजली नाही. आणि ज्या पोरीला आई टाकून गेली म्हणून सांगितलं, तिच्याच हातानं तिच्या आईच्या सवाष्णीला कुंकू लावून घेतलं.

प्रभंजनरावांना सांगितलं. त्यांनी चांगल्या हातानं माझा हात धरला. मग म्हणाले, "दीपा गेली." एवढेच दोन शब्द.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले. हे तिसरे इन्स्पेक्टर. आधीचे दोघे बदलून गेले, आमची फाईल मात्र जागची हलली नव्हती. माणूस वाईट नव्हता, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ऊटा हाकूदू तप्पेनु, अम्मा?" जेवू घालणं हा काय गुन्हा आहे? मी त्यांना कन्नडमधून नवमी समजावली, अळू समजावलं, वर्षाचा हिशेब समजावला. "आमच्या भागात असं काही नसतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या भागात नसेल. ज्यांनी केलं त्यांच्या भागात आहे ना?" त्यांनी श्रीहर्षला विचारणा केली. वकील तो, त्यानं लेखी उत्तर पाठवलं. 'माझी आई वृद्ध व धार्मिक असून दरवर्षी पूर्वजांच्या स्मरणार्थ गरजूंना अन्नदान करते.' स्वयंपाक करून मेहनतीचं खाणाऱ्या भारतीला गरजू करून टाकलं. आमचे वकीलही म्हणाले, "ताई, सगळं ऐकीव आहे. कोर्टात टिकणार नाही." टिकतं काय तर त्याचं प्रतिज्ञापत्र.

भारतीला मी सगळं सांगितलं होतं. ती दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "काकू, ती साडी माझ्या अंगावर होती हो." नवमीला मिळालेली ती मोरपंखी साडी तिनं पुन्हा नेसली नाही. मोरपंखी हा दीपाचा रंग.

यंदा नवमीच्या आठ दिवस आधी कृष्णाबाईंचा भारतीला पुन्हा फोन आला. स्वयंपाक करायला ये आणि जेवायलाही बस. भारती माझ्याकडे बघत फोनवर म्हणाली, "स्वयंपाक करून देते की. पण जेवायला विद्यानगरात शब्द दिलाय. मालमड्डीतली एक चांगली सवाष्ण पाठवते, चालेल ना?" नवमीला सवाष्णी मिळायची मारामार असते. त्या म्हणाल्या, चालेल.

सवाष्ण म्हणून जायचं तर नवरा हवा. प्रभंजनरावांच्या असण्याचा इतका नेमका उपयोग मला बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच झाला. तसं मी त्यांना म्हटलंसुद्धा. ते अर्ध्या तोंडानं हसले. मग त्यांनी चांगला हात वर करून माझ्या कपाळावरचं कुंकू बोटानं नीट केलं. भेटी बंद होतील हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. महिन्यातले ते दोन तास हेच आमचं उरलेलं सगळं. पण पोर मनात ते दगडासारखं ओझं घेऊन मोठी होणार असेल तर त्या दोन तासांत मी तिला लाडवांखेरीज देत तरी काय होते?

श्रीहर्ष कोर्टात, श्रीनिधी शाळेत, अशी वेळ धरून मी साडेअकराला निळं फाटक उघडलं. कृष्णाबाई सवाष्णीचे पाय धुवायला तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या. मला बघितलं आणि तांब्या कलंडला, पाणी त्यांच्याच पायांवर पडलं.

"तुम्ही?"

"भारतीनं पाठवलं. सवाष्ण पाहिजे होती ना तुम्हाला? आहे मी. नवरा आहे अजून."

त्यांनी दार लावून घ्यायला हवं होतं. दुसऱ्या कुणीही लावलं असतं. पण आत पान वाढलेलं आणि दारात सवाष्ण आलेली. तिला परत लावायची हिंमत या बाईत नाही, हे मी बारा वर्षांच्या ओळखीनं पक्कं जाणून होते. त्या वाकल्या आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. मला दया आली नाही, खरं सांगते.

पाटावर बसले. पानात खीर, वडे, भेंडी, आमसुलाची चटणी. डाव्या अंगाला घडी घातलेली शेंगापोळी. अळू नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात भारती पदराला हात पुसत उभी होती.

"कुणाच्या नावानं जेवू, विहीणबाई?" मी विचारलं.

त्या भिंतीला टेकून उभ्या.

"नाव घ्या. नावाशिवाय मी घासाला हात लावणार नाही. भरल्या पानावरून सवाष्ण उठून गेली तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको."

आणखी पुष्कळ पाठ करून गेले होते मी. वळ, स्कूटर, प्रतिज्ञापत्र, सगळं ओळीनं. पण तेवढ्यात फाटक वाजलं आणि दप्तर पाठीवर घेऊन श्रीनिधी आत आली. सहामाही परीक्षा चालू होती, शाळा अकराला सुटत होती. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या मला एवढं लक्षात राहिलं नव्हतं.

"आज्जी, मी आले. कुंकू लावू का त्यांना?" म्हणत ती पुढे आली आणि मला बघून थबकली. "धारवाडची आज्जी?"

माझा सगळा आवाज कुठं गेला कोण जाणे. पोरीनं हात धुतले, करंडा घेतला, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि मला कुंकू लावलं. लावता लावता तिची नजर पानावर गेली. शेंगापोळीकडे ती बराच वेळ बघत होती.

"गेल्या वर्षीपण हेच केलं होतं," ती म्हणाली. "आईला आवडायचं." मग कृष्णाबाईंकडे वळली. "आज्जी, हे मेलेल्या माणसांचं असतं ना?"

कृष्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आई मेलीय का?"

श्रीनिधी रडत नव्हती. अगदी हळू, शाळेत चूक कबूल करणाऱ्या पोरासारखं ती म्हणाली, "मी येऊ नको म्हटलं म्हणून रागावून गेली, आणि मग मेली?"

"नाही गं बाळ!" कृष्णाबाई किंचाळल्याच. भिंतीवरून घसरत खाली बसल्या आणि तिला दोन्ही हातांनी ओढून घेतलं. "तू कशाला असं म्हणतेस? रागावून नाही गेली. आलती की ती. पाचच्या आधीच आलती. तू वर झोपलीस म्हटल्यावर तुझ्या चपला हातात घेऊन पायरीवर बसलती. म्हणाली, उठेल तेव्हा उठू दे, मी बसते..."

आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

"पुढे?" मी विचारलं. "विहीणबाई, पुढे काय झालं?"

त्यांनी पोरीला सोडलं, भिंत धरून उठल्या, देवघरात गेल्या आणि आतून कडी लावली. मी ते दार बुक्क्यांनी वाजवलं. भारतीनं वाजवलं. आतून फक्त रडणं ऐकू येत होतं. ज्या पायरीवरून मी आत आले त्याच पायरीवर माझी लेक पोरीच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्यानंतर काय झालं ते त्या कडीच्या आत होतं.

मी परत पाटावर येऊन बसले. श्रीनिधी माझ्या मांडीत शिरली. मी शेंगापोळीचा एक तुकडा मोडला, दीपश्री असं मोठ्यानं म्हटलं आणि खाल्ला. तिच्यासाठी कुणी तरी तिचं नाव घेऊन जेवायला हवं होतं.

तुम्हाला वाटेल, आता तरी तपासाला पाय फुटले असतील. त्याच दुपारी मी आणि भारती ठाण्यात गेलो. भारतीनं दोन पानं जबाब दिला, खाली सही केली. दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईंना बोलावलं. मुलगा शेजारी वकील म्हणून बसला होता. त्या म्हणाल्या, "मी असं बोललेच नाही. वय झालंय, काय बोलते ते आठवत नाही." बोललेच नाही आणि आठवत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच जबाबात, आणि लिहून घेणाऱ्याचं पेन अडखळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, पोरीनं ऐकलंय, तिला विचारा. इन्स्पेक्टर म्हणाले, अल्पवयीन आहे, पालकाची संमती लागेल. पालक कोण? श्रीहर्ष. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचीच परवानगी! मी टेबलावर हात आपटला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

घरात घुसून मुलीच्या मनावर आघात केला म्हणून माझ्या भेटी तीन महिने बंद झाल्या. फाईलवर 'तपास चालू' असं लिहिलेलं आहे. पुढच्या नवमीला उणकलला पान वाढतील की नाही, देव जाणे. वाढलं तर सवाष्ण कुठून आणतील तेही बघणार आहे मी.

परवाच्या तिसऱ्या शनिवारी बंदी उठली. श्रीनिधी आता अकरा वर्षांची झाली. उंच दिसायला लागली आहे, आईसारखी. खोलीत आली, खिडकीकडे गेली नाही, सरळ माझ्या बाकावर येऊन चिकटून बसली. डबा उघडून लाडू घेतला आणि खाल्ला. रजिस्टरवाल्या बाई समोर होत्याच.

"आज्जी," लाडू संपल्यावर ती म्हणाली, "पाचच्या आधी म्हणजे नेमकं किती वाजता?"

बाईंनी मान वर केली. "केसबद्दल बोलायचं नाही हं."

"केस कुठली?" मी म्हटलं. "घड्याळ शिकवतेय मी. चौतीस वर्षं शिकवलंय." आणि पोरीकडे वळले. "पाचला पाच मिनिटं असताना. दर वेळी. तिला उशीर खपायचा नाही."

श्रीनिधीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. काटा कुठं असेल ते मनाशी लावत होती बहुतेक.

"म्हणजे मी येऊ नको म्हटलं तरी आली," ती म्हणाली.

"आली," मी म्हटलं.